सरकारच्या घरी मुऱ्हाळी

माझी थोरली बहीण, आक्का, आरमाराच्या दवाखान्यात नर्स झाली, तेव्हा वडीगोद्रीत समुद्र पाहिलेला एकही माणूस नव्हता. त्यामुळे समुद्राविषयी अधिकाराने बोलणारे पुष्कळ होते. ज्याने गोदावरीचा पूर पाहिला त्याने समुद्र पाहिल्यासारखाच आहे, असं आमचे थोरले चुलते, आबा, पारावर सांगत. जहाजावर पोरींना परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावावा लागतो आणि अशा पोरीला पुन्हा घर नसतं, हेही तेच सांगत. आक्का मुंबईत, पक्क्या इमारतीत, कोरड्या जमिनीवर होती. पण जहाजाशिवाय गोष्टीला रंग चढत नव्हता.

निजामशाही जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. पंधरा ऑगस्टला अंबडच्या सभेत एक पुढारी ‘देशाच्या लेकी’ या विषयावर बोलले. गळ्यात हार इतके की त्यांचं नाक तेवढं दिसत होतं. आबा पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. देशाच्या लेकींना त्यांची हरकत नव्हती, भावाच्या लेकीपुरती होती.

आमच्या वडिलांनी, दादांनी, यावर एकच उपाय केला. पत्र पाकिटात घालायचं नाही, उघडं कार्ड लिहायचं, असं त्यांनी आक्काला बजावलं. ‘झाकायचं काय हाय त्यात?’ ते म्हणत. त्यामुळे तिचं कार्ड घरी येईपर्यंत ते पोस्टमनने, किराणा दुकानाच्या मारवाडी शेटजींनी आणि दुकानात मीठ घ्यायला आलेल्या सगळ्यांनी वाचलेलं असे. ‘पोरीला ताप आल्ता म्हणं, आता बिलकुल बरी हाय,’ असं मायला विहिरीवर कळायचं. माय ते घरी येऊन आम्हाला सांगायची, आणि नंतर कार्ड यायचं.

सणाचं मात्र कार्डावर भागत नव्हतं. आमच्याकडे पंचमीला सासरच्या लेकीला आणायला भाऊ जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळ्याबरोबर आली ती माहेरपणाला आली. एकटी आली ती सासरच्यांनी टाकलेली. तिच्यादेखत तिच्याविषयी हळू आवाजात बोलतात, तिला कोणी काही विचारत नाही. आणि जिला आणायला कोणी जातच नाही, तिचं माहेर तुटलं. आक्काचं लग्नच झालं नव्हतं, म्हणून तिला आणायला कधी कोणी गेलं नव्हतं. आबांनी त्याचा सरळ अर्थ लावला.

‘सासर न्हाई तर मुऱ्हाळी कुणाच्या घरी धाडता? सोडा आता तिचं नाव.’

माय कधी आबांसमोर बोलत नसे. त्या दिवशी पदर सारखा करून, भिंतीकडे पाहत ती म्हणाली, ‘सरकारच्या घरी धाडते. यंदा भाऊ जाईल तिचा.’

भाऊ म्हणजे मी. मी तेव्हा जालन्यात मास्तर होतो, मस्तगडला खोली घेऊन राहत होतो आणि चार पुस्तकं वाचल्यामुळे रूढींना हसत होतो. माझं हसणं कोणी विचारात घेतलं नाही. मायने ज्वारीच्या लाह्या, शेंगदाण्याचे लाडू आणि धपाटे फडक्यात बांधले. वर खण आणि नारळ ठेवला.

‘हे कुणाला?’

‘तिच्या सासूला. तिथं कुणी मोठी बाई आसंल का न्हाई? तिच्या हातात दे आन म्हन, लेकीला सणाला धाडा.’

मनमाडला गाडी बदलून मुंबई गाठली. दवाखान्याच्या फाटकावरचं पितळ असं घासलेलं होतं की आमच्या गावातल्या देवांनी हेवा करावा. एक जण दुसऱ्याला सलाम ठोकत होता, दुसरा तिसऱ्याला. शेवटचा सलाम कोणाला पोचतो ते कळेना. पहारेकऱ्याने काम विचारलं. ‘बहिणीला पंचमीला न्यायला आलोय,’ असं मी हिंदीत सांगितलं. त्याने नारळ उलटसुलट करून पाहिला आणि मला आत सोडलं.

तिथल्या मोठ्या बाई, मेट्रन, केरळकडच्या होत्या. आक्का त्यांच्या शेजारी ताठ उभी. मी टेबलावर खण-नारळ ठेवला आणि शाळेतल्या इंग्रजीत मायचा निरोप सांगितला. आक्काने डोळे मिटून घेतले.

‘म्हणजे मी हिची सासू?’ मेट्रननी विचारलं.

घरच्यांचा तसा समज आहे, मी म्हणालो.

त्यांनी नारळ कानाशी धरून हलवला, पाण्याची खात्री केली आणि ठेवून घेतला. रजा दिली नाही. वॉर्ड भरलेला होता. सासूपण त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

बाहेर बाकावर बसून आक्काने धपाटा मोडला आणि खाता खाता रागावली.

‘तू शिकलेला ना रे? तूच नारळ घेऊन आलास?’

‘मायनं धाडलं.’

‘मायला सांग, हे माझं सासर न्हाई, नोकरी हाय. मला कुणी धाडायचं न्हाई आन कुणी न्यायचं न्हाई. रजा मी मागून राह्यले. मिळाली की माझी मी येईन.’

‘एकटी? गाव काय म्हनंल, ठाऊक हाय ना?’

‘म्हनू दे. लाडू दे इकडं.’

मी मोकळाच परतलो. दादा मोटारीच्या थांब्यावर आले होते. मी मागच्या वाटेला वळलो तर त्यांनी दंडाला धरून मला पारावरून नेलं. आबा पारावर होतेच.

‘सरकारनं धाडली न्हाई वाटतं?’

‘कामाची बाई हाय,’ दादा चालता चालता म्हणाले. ‘तिला सवड न्हाई.’

मायने आक्काचा निरोप ऐकला आणि कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही, जणू तो मीच रचला होता. तिला लेक हवी होती, पण टाकलेल्या लेकीसारखी दारात उभी राहिलेली नको होती. दिवाळीला मी घरी गेलो, तेव्हा भाकरी थापता थापता ती एकदम म्हणाली, ‘लिही तिला. म्हनावं, ये.’

‘आन मुऱ्हाळी?’

‘मुऱ्हाळी न्हाई. ये म्हनून लिही. आन कार्डावरच लिही, समद्यांला वाचू दे.’

समद्यांनी वाचलं.

आक्का हरभऱ्याच्या काढणीत आली. सण नाही, वार नाही. भर दुपारी मोटारीतून उतरली, लोखंडी पेटी स्वतःच उचलली आणि पारावरून चालत आली. मायने उंबऱ्याशी तिच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. गल्लीतल्या बायका दारांत उभ्या राहून पाहत होत्या. माय मुद्दाम सावकाश ओवाळत होती.

घटकाभरात आबा आले. माणसं दुखवट्याला जाताना लावतात तसा चेहरा लावून आले होते. आक्का समोर बसलेली असताना त्यांनी दादांना हळू आवाजात विचारलं, ‘कुणी आणली पोरीला?’

दादांनी तोंड उघडायच्या आत माय पुढे झाली. या खेपेला तिने भिंतीकडे पाहिलं नाही.

‘कुणी न्हाई आणली. तिची ती आली.’

‘मंग आता हितंच का?’

‘ते मला नका इचारू आन तिच्या बापाला बी नका इचारू. ती हितं बसलीय. तिला इचारा.’

आबांनी दाराकडे पाहिलं. उठून जावं की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं असावं. पण शेवटी त्यांनी मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुतणीला विचारलं, ‘किती दिवस मुक्काम?’

‘रजा हाय तवर, आबा,’ आक्का म्हणाली. ‘मंग माझी मी जाईन.’

आबांनी पुढ्यातला चहा घेतला नाही. मायने तो कप आक्कापुढे सरकवला.