नाल्याच्या अलीकडची लोकसंख्या

आधी माफी मागतो. लिहिण्याचा अधिकार असावा असं माझ्याकडे काही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे कागदावर काही उतरवायचं म्हटलं की अजूनही वाटतं, कोणी तरी येऊन विचारेल, तू कोण रे? तरी लिहितोय. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. खोलीतल्या मित्रांना नाही, सरांना नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

आमचं गाव कळमेश्वरच्या पुढं. गाव म्हणायचं, पण आहे नगरपरिषद, इंग्रजांच्या काळापासूनची. त्याआधी भोसल्यांच्या राज्यात इथं आठवडी बाजार वसला, कोष्टी आले, माग आले. मग कापूस आला, जिनिंग आलं, रेल्वेचं छोटं स्टेशन आलं. जिनिंग बंद पडलं तशी माणसं कमी झाली, संत्र्याच्या बागा वाढल्या तशी पुन्हा वाढली. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण ते मीच लिहिलं. पण त्याकडे येतो — जरा दमानं येतो.

गावाच्या कडेनं नाला जातो. नाल्यापलीकडे आमची वस्ती. छप्पन साली दीक्षा घेतलेली घरं, बहुतेक बागांत मजुरी करणारी. आईवडील लवकर गेले, मला मावशीनं वाढवलं. संत्री तोडायची, निवडायची, पेटाऱ्यांत भरायची, हे तिचं काम. पाणी बागेच्या विहिरीवरून. बागवानाचा मूड असला तर फाटक उघडं, नसला तर बाया घागरी घेऊन उभ्या.

नागपूरला कॉलेजात आलो. पहिल्याच दिवशी वसतिगृहात कोणी तरी सहज विचारलं, गावात कुठं राहतोस? मी म्हणालो, बाजारपेठेत, मंदिराजवळ. का म्हणालो? आजही नीट सांगता येत नाही. विचारणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पुढं कोणी घरचं विचारलं तर म्हणायचो, घरी सध्या कोणी नसतं. एक खोटं टिकवायला दुसरं लागतं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा सोपं जातं — एवढं मी तिथं शिकलो.

दुसऱ्या वर्षी सरांनी पाहणीचं काम काढलं. लहान नगरपरिषदेचा इतिहास आणि लोकसंख्या. त्यांनी माझंच गाव निवडलं, नगरपरिषदेलाही ते हवं होतं. पाण्याची टाकी मंजूर झाली होती. कोणत्या भागात किती माणसं राहतात, त्यावरून नळाचे पाइप कुठपर्यंत न्यायचे ते ठरणार होतं. सर खूश होते. म्हणाले, वाट दाखवायला घरचाच माणूस आहे.

आम्ही शाळेत उतरलो. दारोदार जायचं, माणसं मोजायची, मोजलेल्या घराच्या चौकटीवर गेरूनं आकडा टाकायचा. नियम एकच होता. कायमची राहणारी माणसं धरायची, हंगामी मजूर धरायचे नाहीत. नाल्याच्या खालच्या अंगाला विटांची भट्टी होती, तिथले मजूर पावसाळ्याआधी निघून जात. नियम त्यांच्यासाठी होता.

पेठेत गेरूचा डबा धरून उभे होतो, तेव्हा मावशी समोरून आली. डोक्यावर टोपली, सोबत दोघी. बातमी वस्तीत पोचलीच होती. ती सगळ्या पोरांकडे बघत हसली.

"काहून गा पोरहो, आमच्या इकडं कवा येता मोजाले? सकाळपासून आंगण सारवून ठेवलं मी. माह्या कोंबड्याही लिहून घ्या, तेवढीच वस्ती भरल्यावानी दिसन. नळ तं भेटन!"

पोरं हसली. मी चौकटीकडे तोंड करून आकडा काढत राहिलो. तो आधीच काढून झाला होता. तिनं मला नावानं हाक मारली नाही. तिला कळलं होतं का? टोपली सावरून ती पुढं गेली. मित्रानं विचारलं, कोण रे ही? मी म्हणालो, बागेत कामाला असते.

यात खोटं काहीच नव्हतं, नाही का?

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात सरांनी नकाशा पसरला. नाल्यावर बोट ठेवून म्हणाले, "पलीकडे काही घरं दिसतात. उद्या तिकडे जाऊ या?"

उद्या गेलो असतो तर मावशीनं मला आत ओढलं असतं. चहा केला असता. भिंतीवरचा माझा मॅट्रिकचा फोटो सगळ्यांना दाखवला असता.

मी म्हणालो, "भट्टीवरचे मजूर आहेत सर. हंगामी. पावसाळ्याआधी निघून जातात."

एवढंच. सरांनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? घरचा माणूस सांगत होता. मग अहवालातला इतिहासाचा भाग माझ्याकडे आला, आणि त्यात माझ्या अक्षरात वाक्य आहे — 'नाल्यापलीकडे स्थायी वस्ती नाही.' नगरपरिषदेनं अहवाल छापला, त्या भागाखाली माझं नावही घातलं. माझी पाठ थोपटली गेली. मी ती थोपटून घेतली.

टाकी झाली. पाइप नाल्याच्या काठापर्यंत आले आणि थांबले. बागवानानं पुढं फाटकाला कुलूप घातलं, तेव्हापासून मावशी नाला ओलांडून अलीकडच्या शेवटच्या नळावर येते. पेठेतल्या बायांचं भरून झालं की मग हिचं. एका सुट्टीत स्टेशनवरून येताना मी तिला तिथं लांबून पाहिलं, रिकामी घागर कमरेवर घेऊन उभी असलेली. मी दुसऱ्या रस्त्यानं गेलो.

एक्याऐंशीची जनगणना नुकतीच झाली. मागच्या आठवड्यात आमच्या वस्तीतला शंकर संत्र्याची गाडी घेऊन नागपूरला आला होता. संत्रा मार्केटात भेटला, पेटाऱ्यावर बसून बिडी ओढत होता.

"तुह्या मावशीनं लई मजा केली गा," तो म्हणाला. "गिनतीवाला मास्तर आला. म्हणे, नगरपरिषदेच्या पुस्तकात तं इथं कोनी राहतच नाही. मावशी म्हणे, मंग हा चहा कोनाच्या घरचा पिऊन राहिले तुम्ही?"

तो खोकत हसला. मीही हसल्यासारखं केलं. पुस्तकात ते कोणी लिहिलं, हे तिला माहीत आहे का, एवढं मी विचारलं.

"मास्तरनं वाचून दाखवलं ना, खाली तुहं नावही. मंग त्यानं इचारलं, घरात किती जन? ती म्हणे, घरात दोघं. एक मी. आन् एक हा पुस्तकवाला. मास्तर म्हणे, तो तं नागपूरले राहते, त्याले तिथं मोजतीन. मावशी म्हणे, तिथं त्याची खोली हाय, घर हेच हाय. लिहा."

"मग?"

"मंग काय," शंकरनं बिडी विझवली. "लिहिलं मास्तरनं."