खालचा आकडा, वरचा आकडा

"काका, बाबा गेले. सकाळी, झोपेतच." मिलिंदच्या मुलीचा, क्षमाचा फोन. शेजारच्या खोलीत ती होती, एवढं ऐकून मला आधी हायसं वाटलं... रडू नंतर आलं.

खराडीच्या एका कंपनीत मी हिशेब पाहायचो, मिलिंद कॉम्प्युटरची खरेदी. आत्ता घ्यायचे की नव्या प्रोसेसरसाठी थांबायचं, हे तो ठरवी. नवा प्रोसेसर बाजारात येण्याआधीच त्याच्या वेगाच्या बातम्या फुटत आणि ऑफिसातली तरुण मंडळी हरखून जात. मिलिंद चष्मा पुसत म्हणे, "अहो, हा लग्नातल्या फोटोतला चेहरा. दिवसभर राबून तापला की खरा वेग कळतो." मग स्वतःचा अंदाज सांगे, पण एक आकडा कधीच नाही. एक खालचा, एक वरचा. आणि खरेदी खालचा धरून. प्रत्यक्ष वेग बहुधा दोहोंच्या मध्येच निघे. माझ्यासारख्याला हे फार पटायचं.

गेल्या वर्षी त्याचा आजार कळला. डॉक्टर म्हणाले, तीन ते सहा महिने. त्याने सवयीप्रमाणे खालचा आकडा धरला आणि क्षमाला परदेशातून तीन महिन्यांच्या रजेवर बोलावून घेतलं. रजा संपत आली तरी हा आपला पेपर वाचतोय, चहात साखर कमी म्हणून कुरकुरतोय. त्याला मात्र अपराधी वाटू लागलं.

"अंदाज चुकला गं. तुझी रजा वाया गेली."

"म्हणजे काय बाबा, वेळेत जायला हवं होतं तुम्ही?"

तो हसला. मग म्हणाला, "तू विमानात असशील आणि इथे..." तिला थांब म्हणणं त्याला जमत नव्हतं. त्याने विचारण्याची तिने वाट पाहिली नाही. ऑफिसला कळवून इथूनच काम सुरू केलं. तो पाचव्या महिन्यात गेला.

परवा त्यांच्याकडे गेलो. त्याच्या खोलीत दवाखान्यात असते तशी, डोक्याकडून वर होणारी खाट अजून होती.

"भाड्याची ना, वहिनी? न्यायला कोणी आलं नाही?"

"मुदत आहे अजून," सुजाता वहिनी म्हणाल्या. "हे तीन महिन्यांची सांग म्हणत होते. मी ह्यांना न विचारता सहाची घेतली."

आणि त्यांनी चादरीची सुरकुती हाताने सारखी केली.