एडनाचा लॉफ्ट

एडना सगडन आमची शेजारीण. जन्मभर शाळेच्या खानावळीत तिने उकडलेले बटाटे वाढले, पण जीव सगळा शर्यतीच्या कबुतरांत. यॉर्कशरच्या थंडीत अंगणात उभं राहून त्यांची वाट बघणं खुबा बदलल्यापासून जमेना. म्हणून तिने स्वयंपाकघराला जोडून खोली काढली. छत काचेचं, भिंतीही काचेच्याच. मधलं दार काढून टाकलं.

कौन्सिलचा बांधकाम इन्स्पेक्टर क्रेव्हन आला आणि मान हलवू लागला.

"बाई, काच फार झाली. खोलीच्या जमिनीच्या पाव हिश्शाएवढी चालते, शिवाय तिच्यामुळे झाकल्या गेलेल्या जुन्या दारा-खिडक्यांएवढी. घरातली सगळी ऊब इथून पळणार."

"मग विटा लावू? विटांतून कबूतर दिसतं का रे पोरा?"

"मधे बाहेरच्या दारासारखं घट्ट दार बसवा. मग ही खोली घरात धरत नाहीत."

"आणि चहाची किटली? ती दारापलीकडेच राहील ना!"

क्रेव्हन हसला. "बरं, दुसरीकडे ऊब वाचवा. लॉफ्टला ऊब अडवणारी जाड लोकर घाला. घराच्या उबेचा एकूण हिशेब जुळला तर काच राहील, नाहीतर छत उतरवावं लागेल."

एडनाने लोकर आणली. क्रेव्हन पुन्हा आला, शिडीने माळ्यावर चढला आणि केसांत जळमटं घेऊन उतरला.

"वर तर नुसता वारा खेळतोय."

"वर कशाला गेलास? लॉफ्ट अंगणात आहे."

आमच्या गावात कबूतरवाले खुराड्यालाच लॉफ्ट म्हणतात. तिथे भिंतींना, छताला जाड लोकर, आणि कबुतरं सासुरवाडीला आलेल्या जावयांसारखी फुगून बसलेली.

क्रेव्हनने केसांतली जळमटं झटकली. मग म्हणाला, "माझे वडीलही कबुतरं पाळायचे. मीच 'माळा' म्हणायला हवं होतं."

कबूतर क्लबातल्या म्हाताऱ्यांनी ती लोकर माळ्यावर नेली, कमी पडली ती आणखी आणली. हिशेब जुळला. काच राहिली.

शर्यतीच्या दिवशी एडना काचेखाली बसली, हातात चहा. आभाळ राखाडी, रिकामं. मग त्यात एक ठिपका उमटला. तिची निळी मादी सर्वांआधी आली होती. खुराड्यात शिरली तरच वेळ नोंदली जाणार. पण ती काचेच्या छतावर उतरली, नेमकी एडनाच्या डोक्यावर. लोकर काढलेलं बोडकं खुराडं तिला पसंत नव्हतं, आणि काच खालून छान गरम होती.

"म्हटलं होतं ना, ऊब इथून पळते," कुंपणापलीकडून क्रेव्हन म्हणाला. खास शर्यत बघायला आला होता.

"गप रे," म्हणत एडनाने कोट चढवला आणि दाण्यांचा डबा खुळखुळवत थंडीत बाहेर आली.