घरी कोणी नाई

आमच्या नणंदबाईंना टोकून सुखरूप परत आलेला माणूस अख्ख्या देवळी गावात सापडायचा नाही. वयानं माझ्यापेक्षा लहान, अंगानं काडी आणि आवाज इतका गोड, की आपला पानउतारा झाला हे समोरच्याला घरी जाऊन पंख्याखाली बसल्यावर कळतं. भांडण ती कधीच करत नाही. समोरचा जे बोलला तेवढंच ऐकते आणि तेच खरं धरून चालते.

आता बघा, दारात पोरगी उभी दिसली तरी येणारा माणूस विचारतो, "घरी कोणी आहे का?" तुमच्या-माझ्यासारखी बाई लगेच आत वळून हाक मारते. ही म्हणते, "कोणी नाई," आणि पायरीवर शेंगा फोडत बसते. एकदा तिचे सख्खे मावसे लग्नपत्रिका घेऊन आले, त्यांनाही हेच उत्तर मिळालं. बिचारे पत्रिका खिडकीत खोचून चालते झाले आणि माझे सासरे आत अंघोळ करत होते. घरात मोठा गहजब झाला. तिचं म्हणणं एवढंच, की मी समोर उभी असून येनारा मानूस 'कोणी आहे का' इचारते, म्हणजे मी कोणीच नाई ना? यावर सासरे जास्तच चिडले.

तिच्या दादानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, एकदा कौतुकानं म्हटलं की पोरगी असून गाडी मस्त चालवते. पुढच्या रविवारी ह्यांनी चहा केला. पहिला घोट घेऊन ही म्हणाली, "दादा, पोरगा असून चहा मस्त करतं तू." ती शाबासकी होती की टोमणा, हे ह्यांना अजून उमगलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही.

सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून आमचं कृषी केंद्र तीच चालवते. शेतीची पदवी घेऊन आलेली, दुकानावर तिचा भारी जीव. शेतकरी कपाशीचं रोगट पान घेऊन येतात आणि तिच्या डोक्यावरून आत बघत मालक नाही का म्हणून विचारतात. ती "बलावते" म्हणून मागच्या गोदामात जाते, तोंडावर पाणी मारून परत येते, खुर्चीत बसते आणि म्हणते, "बोला." सुरुवातीला काहीजण रागावून समोरच्या दुकानात गेले, पण हळूहळू परत आले.

दिवाळीनंतर नाचणगावचं स्थळ आलं. एरवी असल्या कार्यक्रमांची टिंगल करणारी ही, त्या दिवशी कानातले कोणते घालू म्हणून माझ्या मागे मागे फिरत होती. मुलाशी फोनवर बोलणं झालं होतं आणि फोन ठेवल्यावरही ती हसत राहायची. मी ओळखलंच होतं.

मुलाचे वडील फार सज्जन. चहा झाल्यावर म्हणाले, "आमच्या सुनेले दुकानात उभं राहाची गरजच नाई. राणीवानी ठेवू." सासऱ्यांचे डोळे भरून आले. मी मात्र पदर तोंडाशी धरून तयार राहिले, कारण आता हिचं काहीतरी बाहेर पडणार. पण तिनं टोमणा मारलाच नाही. मुलाकडे बघून अगदी साधं विचारलं, "तुमाले काय वाटते?"

त्यानं बापाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाबा म्हणतील तसं."

"मंग माह्याकडून नाई," ती म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

घरात दोन दिवस कोणी तिच्याशी धड बोललं नाही. राणीसारखी ठेवत होते, आणखी काय पाहिजे होतं हिला, असं सासूबाई भिंतीला सांगत होत्या. मी डबा घेऊन दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. बरं केलंस, असं मी म्हटलं. तिनं डबा उघडला आणि न जेवताच झाकण परत लावलं.

"वयनी, पोरगा चांगला होता व. मले लय आवडला होता."

तिचे किस्से सांगून आम्ही सारे हसतो, आत्ता लिहितानाही मला हसू आलंच. पण त्या दिवशी तिला रडताना मी एकटीनं पाहिलंय. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात बाहेर कोणीतरी मोटारसायकल उभी केली. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि ती गिऱ्हाईकासाठी उठून उभी राहिली.