उजनीच्या पाण्यावरचा संशय

नवरा गेल्यावर इंदापूरकडच्या शकुबाईनं उजनी धरणात स्वतःच होडी घालायला सुरुवात केली. हल्ली जाळ्यात मासळी फार कमी लागायची. वल्हं मारायला ठेवलेला मकसूद पहाटे एकटाच येऊन जाळ्यातली मासळी काढून नेतो, असा तिला दाट संशय होता.

त्या दिवशी भर पाण्यात वादळी वारं सुटलं. लाटा होडीत येऊ लागल्या. त्यातच जाळं पाण्याखालच्या बाभळीला अडकलं आणि होडी एका अंगाला कलली. मकसूदनं कोयता काढला.

"जाळं तोडून मागनं एकटाच न्यायला येणार व्हय रं?" शकुबाई ओरडली.

"मावशी, बुडू की आपण!"

तिनं कोयता हिसकावून घेतला आणि जाळं स्वतःच तोडलं. होडी सरळ झाली, कशीबशी काठाला लागली.

मकसूद चिखलात बसून लटालटा कापत होता. "मला पवायला येत न्हाय, मावशी. तुमी असता म्हणून होडीत बसतो. एकट्यानं कधी वल्ह्याला हात लावला न्हाय."

शकुबाईनं त्याला बराच वेळ निरखलं. ही भीती खोटी नव्हती. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काठावरच्या बाकीच्या होड्या एकेक करून न्याहाळू लागली.