काचवाल्या काकूंचं तोरण

काचवाल्या काकूंच्या टेबलावर त्यांले विचारल्याशिवाय माशीबी बसत नव्हती. वर्ध्याजवळच्या आमच्या सोलर पॅनेलच्या कंपनीत त्या काच पुसत. पुसलेल्या काचेवर सेल मांडाचे, वरून शीट, मग गरम मशीनमंधी पक्कं बंद. आत जे राह्यलं ते जलमभर आत. म्हणून काकूंचं एकच, "हात लावाच्या आधी विचारजो."

मी पाचवीतच रमलेला माणूस, विचारतो कायले? एकदा सुपारी-तंबाखूचा खर्रा खातखात काचेवर वाकलो. पॅनेल बाहेर आलं तं मधोमध सुपारी, फोटोतल्या आजोबासारखी. सारी लाईन हसली. काकू म्हणे, "पोट्ट्या, हे तुह्या घरावर लाव. झाड उगवलं तं सांगजो." माह्या मिशा पिकल्यावरबी मी त्यांचा पोट्ट्याच.

मग बाहेरचा स्वस्त माल आला, आमचा गोदामात पडून राह्यला, अन् एका सकाळी गेटाले कुलूप. घरी परतणाऱ्यात मी पयला. काकू गेटावरून हालल्या नाई. "मशीन आत हायेत तोवर कंपनी चालू होऊ शकते. मशीन गेल्या का संपलं."

दसऱ्याले ट्रक आला, मशीन न्याले. काकू दरसाली मशीनची पूजा करत. यंदा आत जाऊ देत नव्हते, तं गेटाचीच केली, अन् दोन्ही फाटकांवरून झेंडूचं तोरण बांधलं. मीबी प्रसादापुरता आलो होतो.

"काकू, तोरण काढा," मॅनेजर म्हणे.

"हात लावाच्या आधी विचारा लागते, साहेब."

"बरं, विचारतो. काढू?"

"नाई."

साहेबानं ड्रायव्हरले सांगतलं. त्याच्या ट्रकलेबी हार होता. तो म्हणे, "दसऱ्याचं तोरण मी तोडत नसतो." मग साहेबानं माह्याकडं पाह्यलं. म्या म्हटलं, "माह्या तोंडात प्रसाद हाये." ट्रक रिकामा गेला.

पुढं काकूंचे गुडघे गेले. लेक त्यांले आर्वीले घेऊन गेली. एस्टीत चढता चढता त्यांनी काच पुसाचं फडकं माह्या हातात देल्लं. "गेटावर बसजो."

"मी? काकू, मले घरचं कुत्रंबी भेत नाई."

"बसाचंच हाये नं बाप्पा? तेवढंच तं येते तुले."

तवापासून रोज बसतो. तोरणाची निस्ती सुतळी राह्यली. परवा एक नवा साहेब आला, कुलपाले हात घालू लागला.

"हात लावाच्या आधी विचारा लागते," मी बसल्या जागूनच म्हटलं.

"कोणाले?"

"मले."

"बरं. उघडू?"

"नाई."

पाय असे लटपटत होते का उठताच येत नव्हतं. त्याले वाटलं, हा माणूस काही हालत नाई. गेला वापस.