बदल की जोड

दुष्काळाच्या त्या वर्षी पडेगावपलीकडच्या धनगरवस्तीवर मी माझ्या जुन्या जीपमधून पिण्याचे पाणी नेत असे. प्लॉटिंगवाल्यांनी वाट उखणून ठेवल्यामुळे दगड दारांखालचा पत्रा चेपत होते. तो मार झेलतील अशा जाड लोखंडी नळ्या मी चिकलठाण्याच्या वेल्डरकडून करवून घेतल्या.

"काका, वेल्ड मारू का बोल्टवर कसू?" त्याने विचारले. "वेल्ड लई पक्कं. जीप मोडंल, नळी नाय."

वेल्ड म्हणजे वाहनाच्या सांगाड्यात बदल, आणि बदलाला परवानगी हवी. मी आरटीओला सविस्तर पत्र लिहिले. नळ्यांविना त्या वाटेवर नको म्हणून उत्तराची वाट पाहत पाच दिवस जीप दारात उभी राहिली. मी अंगणात येरझारा घालत होतो आणि संतापून स्मरणपत्रे लिहीत होतो. सहाव्या दिवशी वस्तीवरची एक बाई रिकामा हंडा घेऊन पायी आली.

"काका, तुमचा कागुद प्यावा व्हय आमी?"

त्याच दुपारी मी नळ्या बोल्टवर कसून घेतल्या. जे काढता येते तो बदल नव्हे, नुसती जोड. हे पहिल्याच दिवशी मला सुचायला हवे होते. खडकावर बोल्ट ढिले होत. प्रत्येक फेरीआधी जमिनीवर आडवा होऊन ते कसताना तो हंडा आठवे, पुन्हा संताप येई, आणि या संतापाचे पत्र कोणाच्या नावे लिहावे, ते कळत नसे.